एकही अक्षर खोटं नाही

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

सांगली,
१४ जुलै २०२४

चि. सुमंत यास अक्काचे अनेक उ. आ.

तुझं पत्र पोहोचलं. पाकिटावर पुन्हा लाल शाईने ‘साधे टपाल’ असं लिहून खाली रेघ ओढली आहेस. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आता त्या लाल शाईलाही पेन्शन दे. पण लिहितोस हे बरं करतोस. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते आणि अवधूत तर फोन हातातही धरत नाही. त्याची ती ‘माणसं’ पहिल्यांदा फोनमधूनच बोलायला लागली होती, हे मी तुला काय सांगणार.

आज रविवार. सकाळीच आष्ट्याच्या रस्त्यावर ‘सोबत’मध्ये जाऊन तुझ्या लेकाला भेटून आले. आठ माणसं, चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि सगळ्यांवर राहीबाई. दवाखाना सुटलाय पण घर अजून पेलत नाही, अशांसाठी ते घर आहे, हे मी आता कॉलनीतल्या बायकांना न अडखळता सांगते. अवधूतला तिथे आठ महिने झाले. गेल्या बारा वर्षांत त्याचे एवढे सलग बरे गेलेले महिने मला आठवत नाहीत. त्याला उसाच्या रोपवाटिकेत काम लागलं आहे. ट्रे भरायचे, उसाचे डोळे लावायचे, पाणी मारायचं. मालक भाऊसो मला म्हणाले, की पोरगं बोलत न्हाई, पर हात लय नेटका हाय.

आणखी एक बातमी. पुण्याहून ज्ञानदा नावाची एक मुलगी दर मंगळवारी येणार आहे. स्किझोफ्रेनियाच्या माणसांना गोळ्या चालू ठेवून थोडं ध्यान शिकवलं तर मदत होते की त्रास, याचा ती अभ्यास करते. रोज वीस मिनिटं, तेही डोळे उघडे ठेवून. त्याहून जास्त अजिबात नाही, असं तिने दोनदा सांगितलं. मी तिला म्हटलं, की हे माझ्या भावाला कळलं तर तो साताऱ्याहून चालत येईल.

दूध उतू जायला आलंय, थांबते. आशीर्वाद आहेतच, तू लोभाची आठवण ठेव.

तुझी अक्का


सातारा,
२८ जुलै २०२४

ती. अक्काच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुझे दि. १४ चे पत्र दि. १९ रोजी पावले. लाल शाईबाबतची सूचना वाचून दप्तरी दाखल केली आहे.

अक्का, ध्यानाची बातमी वाचून मी देवापुढे साखर ठेवली. सुलभा गेल्यापासून मी रोज पहाटे तासभर बसतो. त्या तासाने मला उभं ठेवलंय, नाहीतर रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून मीही माणसं ऐकायला लागलो असतो. बारा वर्षं मी म्हणत होतो की याला बसवा आणि बारा वर्षं डॉक्टर गोळ्या वाढवत होते. त्या गोळ्यांनी त्याचा हात कसा थरथरतो ते तूही पाहतेस. कपातला चहा बशीत सांडतो आणि तो ओशाळून माझ्याकडे बघतो. मला आता दुसरं काही नको. माझ्या डोळ्यांदेखत माझा मुलगा गोळीशिवाय घरात दोन घास जेवावा, एवढंच.

ज्ञानदाचं घरच्यांसाठीचं संमतीपत्र आलं होतं, भरून परत केलं. ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यात ‘एस.एस.सी., दुसऱ्या प्रयत्नात’ असं लिहिलं. तू हसशील. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत कागदावर एकही अक्षर खोटं लिहिलं नाही, आता कशाला लिहू? त्यात म्हटलं आहे, की चिठ्ठी टाकून दोन गट करणार, एकच गट ध्यानाला बसणार. अवधूतला कोणता आला ते कळव. यमाईच्या मनात असेल तर तोच येईल.

कळावे. धाकट्यावर ओरडायचा हक्क आहेच, तसा लोभही असू द्यावा.

तुझा सुमंत


‘सोबत’, आष्टा रस्ता,
२५ ऑगस्ट २०२४

ती. शकुआत्यास,
शि. सा. न.

तुझं ऑपरेशन नीट झालं हे राहीबाईंकडून कळलं. नवा गुडघा कसा आहे? बिरदेव म्हणतो, की आत्याला आता कबड्डीत घ्यायला हरकत न्हाई. तू सहा आठवडे येणार नाहीस, म्हणून लिहितोय. अक्षर वाकडं आहे ते हातामुळे.

बिरदेव माझा जोडीदार, जतकडचा. इथे प्रत्येकाला एक जोडीदार असतो. जेवणं झाली की आम्ही समोरासमोर बसून गोळ्या घेतो. मी म्हणतो, घेतली. तो म्हणतो, बघितली. मग त्याची पाळी. राहीबाई म्हणतात, की आरती चुकली तर देव ऐकून घील, ही चुकायची न्हाई.

ज्ञानदाताईंच्या चिठ्ठ्या निघाल्या. मला ध्यानाचा गट आला नाही. चौघं ध्यानाला बसतात आणि आम्ही चौघं त्याच वेळी पडवीत राहीबाईंबरोबर वीस मिनिटं धान्य निवडतो. तुलना करायला हेही लागतं, असं ताई म्हणाल्या. मला आवडतं. डाळीतले खडे बोटाला लागतात तेव्हा ‘माणसं’ कुजबुजतात, पण भांडत नाहीत. पूर्वी दिवसभर बोलायची. परवा सबंध दिवसात एकदाही बोलली नाहीत. मी संध्याकाळी ते बिरदेवला सांगितलं, तर त्याने मला त्याच्या वाटणीचा गूळ दिला.

अण्णांना मी लिहिलं, की मी रोज वीस मिनिटं बसतो. ते खोटं नाही, बसतोच. त्यावर त्यांनी चार पानं पाठवली, श्वास नाकपुडीला नेमका कुठे लागतो याबद्दल, आकृती काढून. आत्या, त्यांना सांगू नकोस. माझ्यामुळे त्यांना आनंद झालेला मी किती वर्षांत पाहिला नव्हता.

काळजी घे. माझ्यावरचा लोभ गुडघ्याबरोबर बदलू नकोस.

तुझा अवधूत


सांगली,
२२ सप्टेंबर २०२४

चि. सुमंत यास अनेक उ. आ.

एका पत्रात तीनदा एकच प्रश्न विचारलास, म्हणून उत्तर देते. हो, तो रोज वीस मिनिटं मन लावून बसतो. ज्ञानदाने शिकवलेल्या वेळेला, एक दिवस न चुकता. चेहरा निवळला आहे, असं राहीबाई सांगतात. आता झालं समाधान? तुझ्या पत्राच्या प्रत्येक ओळीत ध्यान आहे. माझ्या गुडघ्यासाठी मात्र अर्धी ओळ, तीही ताजा कलम म्हणून.

दिवाळीला त्याला साताऱ्याला पाठवा म्हणतोस, पाठवू. पण दोन गोष्टी कान देऊन ऐक. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं आहे, की सुधारणा दिसते ती गोळ्यांच्या पायावर उभी आहे, एक दिवसही चुकवायची नाही. आणि ‘सोबत’ची रजा वीस दिवसांची. पुढे खाट राखत नाहीत. यादीत अकरा जण आहेत आणि ज्यांच्या घरी न्यायची कुणाची तयारी नाही अशांना आधी घेतात. आपला नंबर लागला होता तो तुझं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि मी एकटी म्हातारी, म्हणून. पुन्हा लागायचा नाही. सत्तावीस ऑक्टोबरला तो निघेल, पंधरा नोव्हेंबरला मला इथे परत हवा.

चकलीची भाजणी त्याच्याबरोबर देते. तू लाडू जमवायला जाऊ नकोस, गेल्या वर्षीचे अजून बत्त्याने फोडतोय म्हणाला होतास. आशीर्वाद.

अक्का


सातारा,
४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्काच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी चांगली झाली. चांगली हा शब्द मी जपून वापरतो, तरी लिहितो. अवधूतने कंदील केला, शेजारच्या वीरधवलच्या मुलींना फुलबाज्या लावून दिल्या. काल भाऊबीजेला तुझ्या फोटोसमोर बसून मी त्याच्याकडून ओवाळून घेतलं आणि तो खदखदून हसला. अक्का, त्याचा हात थरथरायचा कमी झालाय. काल चहा सांडला नाही.

आज दुपारी आम्ही दोघं निघतो. वाईच्या पलीकडे डोंगरात दहा दिवसांचं मौन शिबिर आहे, माझ्या ओळखीतले दोघे जाऊन आलेत. फोन, वही, पेन जमा करायचं, कुणाशी बोलायचं नाही, नजर वर करायची नाही, पहाटे चारपासून बसायचं. तिथे वीस मिनिटांनी एवढा गुण आला, तर दहा दिवसांनी काय होईल याचा तू विचार कर. पंधराला सकाळी शिबिर सुटतं, तिथून त्याला थेट सांगलीच्या गाडीत बसवतो. तुझी तारीख मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

प्रवेशाचा चार पानी फॉर्म मी पाडव्याला स्वतः भरला. अवधूत शेजारी बसला होता. त्याने विचारलं, की अण्णा, सगळं खरं लिहिलंत ना? मी त्याला सांगितलं, एकही अक्षर खोटं नाही. तेव्हा कुठे त्याने सही केली.

तू रागावशील हे गृहीत धरलं आहे. परतल्यावर दोघं तुझ्या पाया पडू, तोवर लोभ उधार ठेव.

तुझा सुमंत


सांगली,
८ नोव्हेंबर २०२४

सुमंता,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. वरच्या मजल्यावरच्या दीपमालाकडून तुला सकाळपासून नऊ वेळा फोन लावला, बंद आहे. शिबिराचं नाव तू लिहिलं नाहीस. पुष्कळ चौकशी केली, वाईच्या पलीकडे डोंगर थोडे नाहीत. हे पत्र तुझ्या बंद दाराच्या फटीत जाऊन पडेल, हे कळत असूनही लिहिते आहे. हातावर हात ठेवून बसवत नाही.

अवधूत ध्यानाच्या गटात नव्हता. त्याला दुसरी चिठ्ठी आली होती. तो जवळजवळ तीन महिने राहीबाईंबरोबर धान्य निवडत होता. तुला वाईट वाटेल म्हणून त्याने लपवलं आणि त्याचं ऐकून मी लपवलं. ‘मन लावून बसतो’ असं मी लिहिलं, ते या घरातल्या सगळ्यांसारखं, शब्दाला खरं आणि आतून पोकळ. ध्यानाला बसणाऱ्या मुलांचं काय झालं ते ज्ञानदालाही अजून माहीत नाही. त्यांनाही ती वीस मिनिटांच्या वर बसू देत नाही, डोळे मिटू देत नाही. आणि तू त्याला दहा दिवस अंधाऱ्या खोलीत मुक्याने बसवायला नेलंस.

असल्या फॉर्मात आजाराचं विचारतातच. तू काय लिहिलंस? खोटं तू लिहिणार नाहीस. खरं लिहिलं असतंस तर त्यांनी घेतलं नसतं. काल रात्रीपासून मी याच्यापाशीच अडखळते आहे.

दार उघडल्याबरोबर त्याला घेऊन ये.

अक्का


सातारा,
२४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

तुझं पत्र दाराच्या आत सापडलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

क्रमाने लिहितो, दुसरं मला येत नाही. फॉर्मात प्रश्न होता, की सध्या कोणत्याही मानसिक आजारासाठी औषधे चालू आहेत काय. हा फॉर्म माझ्या हाती दिवाळीच्या आधीच आला होता. मी चार दिवस त्या ओळीसमोर बसलो. ‘नाही’ लिहिलं तर खोटं. म्हणून धनत्रयोदशीला मी गोळ्यांची डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाडव्यापर्यंत चार दिवस झाले. मग ‘नाही’ लिहिलं. ते लिहिताना माझा हात जराही अडला नाही. अवधूत रोज जेवणानंतर विचारायचा, की अण्णा, गोळी? मी सांगितलं, की तुला आता लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, बिरदेव बघितली म्हणणार नाही. मला वाटलं गंमत करतोय.

शिबिरात तो माझ्यापासून तीन आसनं पुढे होता. पाचव्या दिवशी त्याचं ताट तसंच परत गेलं. सहाव्या दिवशी पाणवठ्याजवळ मी नियम मोडून मान वर केली. त्याचे ओठ हलत होते आणि डोळे माझ्यावर होते, पण बघत दुसऱ्याच कुणाला तरी होते. मला वाटलं हाक मारावी. मौनाचा नियम होता. मी मान खाली घातली आणि जागेवर जाऊन बसलो. सातव्या दिवशी त्याचं आसन रिकामं होतं.

पाच दिवसांनी तो कोरेगावजवळ रुळांच्या कडेला सापडला. पायाला चप्पल नव्हती. बनुबाई नावाच्या बाईने त्याला दोन दिवस भाकरी दिली होती. पोलिसांनी आधी का कळवलं नाही म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, की आवं, मला वाटलं जलमाचा मुका हाय, नाव इचारलं की तोंडावर बोट ठिवायचा. तो मौन पाळत होता, अक्का. मी त्याला सांगितलं होतं, की दहा दिवस काही झालं तरी बोलायचं नाही.

आता दवाखान्यात आहे. मला ओळखतो, पण मी दिलेलं पाणी पीत नाही. नर्सने दिलेलं पितो. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या. मी उभा राहून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

तू मला ऑगस्टमध्ये सांगितलं असतंस तर, असं लिहायला बसलो होतो. ते वाक्य पुरं करायला तोंड नाही.

सुमंत


सांगली,
३ डिसेंबर २०२४

चि. सुमंत यास अक्काचे आशीर्वाद.

ते वाक्य मी पुरं करते. ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर तू त्याला डोंगरात नेलं नसतंस. तुझ्या आनंदाला धक्का नको म्हणून मी गप्प बसले. माझ्या वाट्याचं मी उचललं आहे, तुझं तू उचल. एकमेकांना दोष देऊन बसलो तर दवाखान्यात डबा कोण नेणार?

‘सोबत’वाल्यांनी महिनाअखेरपर्यंत खाट राखली. परवा तिथे इस्लामपूरकडचा एक मुलगा आला. भाऊसोंनी रोपवाटिकेत दुसरा माणूस घेतला. त्यांची चूक नाही, रोपं थांबत नाहीत. मी अवधूतचं सामान आणायला गेले होते. राहीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, की त्यो बिरदेव अजून जेवणानंतर गोळी हातात धरून बसतोय, बघितली म्हनायला कुणी न्हाई.

जेवत जा. हे आशीर्वादातच धर.

अक्का


रुग्णालय,
२ मार्च २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न.

नव्या गोळ्यांनी हात जास्त थरथरतो, म्हणून हे पत्र तीन दिवस लिहितोय. तपकिरी स्वेटर पाठवा. दर गुरुवारी तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून जाता हे मला माहीत आहे. मी खिडकीतून पाहतो. आत बोलावणं अजून जमत नाही. राग नाही, अण्णा. ‘माणसां’तला एक जण आता जात नाही. तो तुमच्या आवाजात बोलतो आणि गोळी लागत नाही असं सांगतो. तुम्ही समोर आलात तर कोणता आवाज खरा ते मला ठरवावं लागतं, आणि त्यात दिवस जातो. डॉक्टर म्हणाले, की हा पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही.

पुष्कळ दिवस एक सांगायचं होतं. तुम्ही त्या फॉर्मवर खोटं लिहिलं असतंत तर चाललं असतं. गोळ्या माझ्या पिशवीत राहिल्या असत्या. मी गुपचूप घेतल्या असत्या आणि कुणाला कळलं नसतं.

ज्ञानदाताई येऊन गेल्या. ‘सोबत’मध्ये एप्रिलमध्ये एक खाट रिकामी होणार आहे. दवाखान्याकडून तुम्हाला एक फॉर्म येईल. तिसऱ्या पानावर विचारलंय, की रुग्णाला घरी नेण्याची नातेवाइकांची तयारी आहे काय. तुमची आहे. तुम्ही माझी खोली रंगवून घेतलीत, हे आत्याने सांगितलं. तरी तिथे ‘नाही’ लिहा. हो लिहिलंत तर यादीत माझं नाव खाली जाईल आणि मला तुमच्याकडे यावं लागेल.

जमेल का बघा. लोभ होताच, तो मोडलेला नाही.

तुमचा अवधूत


सातारा,
९ मार्च २०२५

ती. अक्काच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

अवधूतचं पत्र सोबत जोडलं आहे, वाचून परत पाठव. स्वेटर पार्सलने रवाना केला.

फॉर्म गुरुवारी आला. पहिली दोन पानं लगेच झाली. तिसऱ्या पानावर दोन दिवस गेले. यादीतल्या कुणाला तरी मागे सारून तो पुढे जाणार, हेही मला कळत होतं. त्याच्या रंगवलेल्या खोलीत जाऊन बसलो, मग उठून लिहिलं. नोकरीची छत्तीस वर्षं आणि वरची अकरा, यात पहिल्यांदा कागदावर दोन अक्षरं खोटी लिहिली. ‘नाही’. खाली सही केली, तारीख घातली आणि नक्कल न ठेवता टपालात टाकला.

लोभ असू दे, अक्का. आता तो मला दुसरीकडून मागता येत नाही.

तुझा सुमंत